कांडीला ऐकू येत नव्हतं, आणि आम्ही हळू बोललो

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "तुमची पण म्हातारी झाली का? आमची हल्ली भिंतीकडे तोंड करून ओरडते." बाई कतारगामच्या होत्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीत मांजर. मी सांगायला सुरुवात केली आणि त्यांचा नंबर लागला. त्या आत गेल्या, त्यानंतर मला दिसल्या नाहीत. त्यांना जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. मी दहावीपर्यंत शिकलेली, घरात अहिराणी बोलते, लिहिताना शाळेतली मराठी येते. चुकलं तर सांभाळून घ्या.

नाव असं का

आम्ही इकडे गुजरातेत, गोडादऱ्याला राहतो. माझे मालक तीस वर्षांपासून लूमच्या खात्यात आहेत, खातं म्हणजे जिथे माग चालतात ती शेड. चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते कांड्यांचं रिकामं खोकं घेऊन घरी आले. कांडी म्हणजे आडव्या धाग्याची नळी, ती धोट्यात बसते. खोक्यात नळ्या नव्हत्या, मुठीएवढं मांजराचं पिल्लू होतं. त्याची आई मागाच्या पट्ट्यात सापडून मेली होती. मी म्हटलं, आधीच जागा नाही. त्यांनी वाटीत दूध ओतलं. माझा मुलगा भूषण तेव्हा सातवीत होता, त्याने नाव ठेवलं कांडी.

मालकांना ऐकू कमी येतं. खात्यात आयुष्य काढलेल्या बहुतेकांचं तसंच आहे, त्याला आमच्याकडे कुणी आजार म्हणत नाही. चाळीस-पन्नास माग एकदम चालू असताना हाक मारून उपयोग नसतो, म्हणून ती माणसं हाताने खुणा करतात, ओठ बघून बोलणं ओळखतात आणि लांबच्या माणसाला बोलवायचं तर काहीतरी आपटतात. तीच सवय घरी आली. आमची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब पातळ, जिन्यावरून कुणी आलं तरी जमीन हलते. मालक दाराशी उभे राहून टाच दोनदा आपटायचे, की कांडी असेल तिथून येऊन त्यांच्या पायाला घासायची. त्यांचं बघून आम्ही सगळेच तसं करायला लागलो. तिच्या नावाने तिला फारसं कुणी बोलावलंच नाही.

खोड्या

मागच्या वर्षी दिवाळीनंतर ती बिघडली. मी "बिघडली" असंच म्हणायचे.

आधी ओरडणं. भर दुपारी, फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या फटीकडे तोंड करून, पोटातून आवाज काढायची. तो मांजराचा आवाज वाटायचाच नाही. खालच्या मजल्यावरची गुजराती बाई वर येऊन विचारून गेली की घरात कुणी आजारी आहे का. भूषण एम्ब्रॉयडरी मशीनवर रातपाळी करतो, त्याची झोप दुपारची. तो उशी कानावर दाबून पडायचा आणि मग उठून बसायचा. "मम्मी, इसको कहीं छोड के आव ने," म्हणायचा. गंमत नव्हती. दोनदा त्याला मशीनवर डुलकी लागली होती.

मग चावणं. मागून जाऊन पाठीवर हात ठेवला की दचकून फिरायची आणि दात रोवायची. चौदा वर्षांत जिने नख लावलं नव्हतं, तिने माझ्या मनगटावर चार भोकं पाडली. जेवण झाल्यावर दहा मिनिटांनी परत ताटलीपाशी येऊन उभी राहायची, जशी काही आपण तिला उपाशीच ठेवलंय.

आणि मग मुतणं. मी घरी साड्यांना लेस लावते. पोटली येते, पोटली जाते, मधल्या वेळात ती आमच्या खोलीत असते. एके दिवशी पोटली सोडली तर वास आला. वरच्या सहा साड्या ओल्या. मी त्या धुतल्या, पंख्याखाली वाळवल्या, इस्त्री केली आणि वर भूषणचा सेंट मारला. न्यायला आलेला माणूस साडी नाकाला लावून म्हणाला, "मासी, लग्नात जायचंय का हिला?" मी हसले. तो गेल्यावर झाडू घेतला आणि कांडीला मारलं. एकदा नाही, तीनदा. ती पळाली नाही, खाली बसून राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बघा किती निर्लज्ज आहे.

आम्ही हळू बोललो

सून मनीषा पोटुशी होती, चौथा महिना. वासाने तिला उलट्या व्हायच्या. तिच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं की मांजराच्या घाणीला हात लावू नको. मनीषा वाईट नाही. तीच कांडीला लपून अंड्याचा बलक द्यायची. पण पहिलंच बाळंतपण आणि घर एवढंसं, ती घाबरली होती.

सुटीच्या दिवशी मालक खाटेवर बसून टीव्ही बघत होते. आम्ही तिघं ओट्यापाशी उभे होतो. आमच्या घरात बोलणं म्हणजे ओरडणंच, नाहीतर ह्यांना कळत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही आवाज खाली आणला.

भूषण म्हणाला, "वय झालंय आता. दिवसभर ओरडणं, हे असंच चालणार."

मनीषा म्हणाली, "माझं बाळंतपण होईपर्यंत तरी दुसरीकडे ठेवा, मम्मी."

मी म्हटलं, "संजयकडे ठेवून येऊ. तिथे जागा मोठी आहे. यांना आत्ता सांगायला नको, उगाच वाईट वाटून घेतील. झाल्यावर सांगू."

संजय म्हणजे मालकांचा चुलत भाऊ. शहराबाहेर सचिन म्हणून गाव आहे, तिथे एका खात्यात मास्तर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा. तिथे उंदीर सूत कुरतडतात, मांजर ठेवलेलंच असतं. खात्यातून आलेली परत खात्यात जाईल, मी मनाशी म्हटलं. मला ते पटलंसुद्धा. आपल्याला हवं ते पटवून घ्यायला माणसाला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी मालक ड्यूटीवर गेल्यावर मी तिला साड्यांच्या पिशवीत घातलं. ती आत गेली, कारण पिशवी माझ्या हातात होती. भूषण बाईकवरून सोडून आला.

संध्याकाळी मालक आले. दाराशी टाच दोनदा आपटली. थोडं थांबून परत आपटली.

"कांडी कोठे शे?"

"संजयकडे धाडी दिनी तिले," मी म्हटलं. कारणं तयार होती, एकामागून एक सांगितली, मोठ्या आवाजात. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरं." हातपाय धुतले आणि जेवायला बसले. दोन भाकरी खाल्ल्या. मी वाट बघत होते की ते चिडतील, ताट सारतील. त्यांनी काहीच केलं नाही, उलट सुनेला म्हणाले की वरण चांगलं झालंय. मला हायसं वाटलं आणि जरा रागही आला. म्हटलं, चौदा वर्षं जिला मांडीवर घेऊन बसला, तिचं एवढंच?

चौथा दिवस

चौथ्या दिवशी संजयचा फोन आला. "वहिनी, मांजर काही खात नही. एक जागावर बठी शे. लई जा तिले."

मालकांनी सुटी टाकली. आम्ही दोघं बाईकवर सचिनला गेलो. खात्याच्या दारापर्यंत पोचलो तरी ती दिसेना. मला आत पाच मिनिटं उभं राहवेना. आवाजाचं मी म्हणत नाही, जमीनच चपलेतून वर चढते, दात हलल्यासारखे वाटतात. ही माणसं यात बारा तास उभी राहतात, हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं निराळं.

कांडी जिन्याखाली सुताच्या गोण्यांमागे होती. अंग चोरून, चारही पाय पोटाखाली घेऊन बसली होती. डोळे मोठे. मान एकदा इकडे जायची, एकदा तिकडे, एकदा मागे, सारखी. समोर दूध फाटलेलं पडलं होतं. मालकांनी टाच आपटली. तिने आमच्याकडे बघितलंच नाही, भलतीकडेच बघितलं. मग त्यांनी गोण्या सरकवून तिला उचललं. ती त्यांना चावली नाही. तिच्यात तेवढा जीव नव्हता.

घरी न जाता आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. भूषणला मी फोन करून सांगितलं की आणते आहे. तो म्हणाला, "आण."

"एने बोलावो"

डॉक्टर तरुण, गुजराती, हळू बोलणारे. त्यांनी रक्त घेतलं, दात बघितले, पोट चाचपलं. मग मला विचारलं, ऐकू येतं का हिला?

मी म्हटलं, येतं की. हाक मारली की येते.

त्यांनी तिला खाली जमिनीवर ठेवलं. "बेन, एने बोलावो तो." म्हणजे हिला बोलवा बघू.

मी तिच्या मागे उभी राहून टाच दोनदा आपटली. कांडीने मान वर केली.

"बघा," मी म्हटलं.

डॉक्टर हसले नाहीत. "आ तो पग पछाड्यो. मोंथी बोलावो." म्हणजे हा तर पाय आपटला, तोंडाने बोलवा.

मी म्हटलं, कांडी. मग मोठ्याने म्हटलं. मग आमच्या घरी बोलतो तसं ओरडले, बाहेरचा एक कुत्रा भुंकायला लागला. कांडी आपल्या पंजाकडे बघत बसली होती. डॉक्टरांनी तिच्या मागे स्टीलचा ट्रे दुसऱ्या ट्रेवर आपटला. तिचा कानसुद्धा हलला नाही.

त्यांनी सांगितलं की ही पुष्कळ महिन्यांपासून बहिरी असणार. मूत्रपिंडं थकली आहेत, म्हणून पाणी जास्त आणि मुतणं जास्त. डोकंही आता अधूनमधून साथ सोडतं, माणसांचं होतं तसं. जेवल्याचं विसरते, मुतायचं घमेलं कुठे ते विसरते, चालता चालता कुठे आलो ते विसरते आणि घाबरून ओरडते. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने ओरडते. मागून हात लावला की दचकते, म्हणून चावते.

एकेक खोडी ते उलगडत होते आणि मला झाडू आठवत होता. पण झाडूचं दुःख मागे पडलं, कारण तेवढ्यात मला खातं आठवलं. जिला जमिनीच्या हादऱ्यानेच बोलावणं कळायचं, तिला मी अशा जागी ठेवून आले होते जिथे जमीन एक क्षण थांबत नाही. चार दिवस तिला सगळ्या बाजूंनी कुणीतरी बोलावत होतं. कुठे जावं हे तिला कळत नव्हतं. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. डॉक्टरांनी मला पाणी दिलं आणि मालकांना खुणेने विचारलं की हिला काय झालं. मालक म्हणाले, "तिले कळनं."

कांडीबेन

पुढचे आठ दिवस रोज दवाखाना. कातडीखाली सलाइन द्यायचं, ते करायला वीस मिनिटं आणि नंबर यायला दोन तास. तिथला कंपाउंडर कागद बघून हाक मारायचा, "कांडीबेन पाटील!" आणि मी उभी राहायचे. पोपटवाले, पॉमेरियनवाले सगळे माझ्याकडे बघायचे. पहिल्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्याने नुसतंच "कांडी" म्हटलं तर मला कमीपणा वाटला.

सहाव्या दिवशी तिने स्वतःहून मासा चाटला. तुमचं जनावर आजारी असेल तर असे दिवस लक्षात ठेवा, मोठे दिवस फार येत नाहीत.

आता आम्ही काय करतो ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर झाला. घमेली दोन केली, एक गॅलरीत आणि एक तिच्या गादीशी. ती मीच साफ करते, मनीषाला तिकडे जाऊ देत नाही. फ्रिज भिंतीला टेकवला, फट बंद केली. तिच्याजवळ जाताना समोरून जातो, तिला दिसेल असा हात धरतो आणि मगच शिवतो. साड्यांची पोटली आता लोखंडी कपाटात. जेवण एकदम न देता चमचा चमचा पाच वेळा, म्हणजे विसरली तरी मागितल्यावर मिळतं. ओरडायला लागली की कुणीतरी जाऊन समोर बसतं. एवढ्यानेच पुष्कळदा थांबते. नेहमी नाही. भूषण दुपारी खाली मित्राच्या खोलीत झोपतो, त्यावरून आमची दोनदा भांडणं झाली आणि दोन्ही वेळा त्याचंच बरोबर होतं.

ती बरी होणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, काही महिने. परवा ती माझ्याकडे बघून फिसकारली, मी कोण हे तिला कळलं नाही. पाच मिनिटांनी येऊन पायाशी बसली. त्या पाच मिनिटांत मला काय झालं ते मी लिहू शकत नाही. पिशवी हातात घेतली की ती खाटेखाली जाते, ते मात्र ती एकदाही विसरलेली नाही.

मालक बोलले

हे शेवटचं लिहू की नको, चार दिवस विचार केला. मालकांना विचारलं. ते म्हणाले, लिही.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं तिला सलाइन देत होतो, आता घरीच देतो. ते तिला मांडीवर धरतात, मी सुई लावते. दुपारची वेळ, घरात बाकी कुणी नव्हतं. मी तिला म्हटलं, "बाई, सगळं विसरत चाललीस ना, मग ते चार दिवस आधी विसर." तिला ऐकू येत नाही, म्हणून असं बोलायला बरं पडतं.

मालक माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "त्या दिनले तुम्ही हळू बोली राहिंतात. ओट्यापाशी."

मी सुईकडे बघत राहिले. आवाज खाली आणला होता, पण तोंडं त्यांच्याकडेच होती. तीस वर्षं जो माणूस ओठ बघून बोलणं ओळखतो, त्याच्यापुढे आम्ही कुजबुजलो होतो.

"तुम्हाले कळनं व्हतं?"

"अर्धं कळनं. वय व्हयनं, दिवसभर वरडस, संजयकडे ठेवानं, यासले सांगू नका." ते कांडीच्या कपाळावरून अंगठा फिरवत होते. "माले वाटनं, मनीच गोट चाली राहिनी. आते ह्या लोके माले धाडतस."

त्यांना वाटलं होतं, आम्ही त्यांचीच गोष्ट करतोय, त्यांनाच पाठवून देणार आहोत. सलाइन थेंब थेंब जात होतं, ते मी बंद केलं की नाही तेही आठवत नाही.

"दुसरा दिन ड्यूटीवर मी तोच इचार करी राहिंतू. घर उनू, तं कांडी नही. तू म्हनी, तिले धाडी दिनी." त्यांनी खांद्याला डोळे पुसले. त्यांना रडताना मी सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर नाही. "माले बरं वाटनं व. मांजर गई, मी नही, म्हनीसन बरं वाटनं. दोन भाकरी खादी मी."

मी मोठ्याने म्हणाले, तुम्हाला कोण कुठे पाठवेल, काहीतरीच काय बोलता. खूप मोठ्याने म्हणाले, खालच्या बाईला ऐकू गेलं असेल. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, आणि त्यांना माझं बोलणं पटलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.